म्यूट नको, जागा द्या!

मागच्या सेमिस्टरची गोष्ट. सबमिशनचा आठवडा, जर्नल अर्धवट, मेसमध्ये पुन्हा तीच पातळ आमटी. अशा वेळी हसायला काहीही चालतं. तेवढ्यात मोबाईलवर एक स्टिकर आलं.

फर्स्ट इयरच्या एका मुलानं रात्री साडेअकराला ग्रुपवर कॉलेजच्या जनरेटरबद्दल भला मोठा मेसेज टाकला होता. किती केव्हीएचा, या महिन्यात कोणत्या तारखेला लाईट गेली, किती सेकंदांनी जनरेटर सुरू झाला... सगळं तपशीलवार. कोणीही विचारलं नव्हतं. कोणीतरी टोमणा मारला, "वा, अजून सांग ना!" आणि तो बिचारा खरंच अजून सांगत बसला. चाळीसेक ओळी! सकाळपर्यंत त्याच्या फोटोचं स्टिकर तयार, खाली लिहिलेलं, "अजून सांगू?" अख्खं हॉस्टेल हसलं. मीही हसले. नुसती हसले नाही, तर ते स्टिकर तीन ग्रुपवर फॉरवर्ड केलं.

त्या शनिवारी मी परतूरला मावशीकडे गेले. माझा मावसभाऊ सतरा वर्षांचा आहे. त्याला माझा मोबाईल हवा असतो, कारण त्याला गाडी कुठपर्यंत आली ते बघायचं असतं. गाडी बघता बघता त्याला ते स्टिकर दिसलं. मग वरचे मेसेज त्यानं सगळे वाचले, पहिल्यापासून. आणि मला विचारलं, "ताई, त्याला 'अजून सांग' असे म्हटले होते. म्हणून त्याने सांगितले. यात हसण्यासारखे काय आहे?"

मला उत्तर देता आलं नाही. वायवामध्येसुद्धा मी इतकी गप्प झाले नव्हते.

मित्रांनो, आधीच सांगते, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी घरात बोलले, शाळेत फार लिहिलं नाही. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळानं सुधारल्या असतील, नसतील तर समजून घ्या. पण हा विषय मला इंग्रजीत लिहायचा नव्हता. कारण ज्याच्याबद्दल लिहितेय तो मराठीत विचार करतो आणि हा लेख तो वाचणार आहे. त्याला विचारूनच लिहितेय. "माझ्याबद्दल लिही, माझे नाव लिहू नको," अशी त्याची अट आहे. मान्य!

माझ्या या भावाला ऑटिझम आहे. मराठीत त्याला स्वमग्नता म्हणतात. शब्द छान आहे, पण थोडा फसवा. ऐकल्यावर वाटतं की हा माणूस आपल्यातच मग्न आहे, त्याला कोणी नकोच आहे. हे खरं नाही. माझ्या भावाला माणसं हवी असतात. फक्त माणसांमध्ये शिरायचं दार कुठे आहे ते त्याला सापडत नाही, आणि आपण आतून कडी लावून बसलेलो असतो.

लिओ कॅनर नावाच्या डॉक्टरांनी १९४३ मध्ये अमेरिकेत अकरा मुलांची निरीक्षणं लिहिली, तेव्हापासून ही स्थिती या नावानं ओळखली जाऊ लागली. हा आजार नाही, त्यामुळे 'बरा' होण्याचा प्रश्न येत नाही. मेंदूची घडणच वेगळी असते. आणि ती प्रत्येकाची वेगवेगळी, म्हणून 'स्पेक्ट्रम' म्हणतात. कोणी आयुष्यभर बोलत नाही, कोणी पीएचडी करतो. आवाज, उजेड, गर्दी याचा त्रास अनेकांना होतो. टोमणे, सूचक बोलणं, डोळ्यांच्या खुणा कळायला जड जातात. आणि एखाद्या विषयाची विलक्षण आवड असते. आपल्याला हे सगळं सिनेमातून माहीत असतं. 'माय नेम इज खान' बघितलेला असतो, 'बर्फी' बघितलेला असतो, आणि 'तारे जमीन पर'मधल्या मुलालाही आपण ऑटिझम आहे असं ठोकून देतो. त्या मुलाला डिस्लेक्सिया होता, बरं का!

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात दर १२७ माणसांमागे एक व्यक्ती ऑटिझम असलेली होती. आपण इंजिनिअर आहोत, गणित करूया. हजार-बाराशे मुलांच्या कॉलेजमध्ये साधारण आठ-नऊ जण. तुम्ही म्हणाल, तशी मुलं इंजिनिअरिंगला येत नाहीत. काही येत नाहीत, हे खरं. पण काही येतात. कधी त्यांना स्वतःलाही माहीत नसतं. आपण त्यांना 'सायको', 'पकाऊ', 'रोबोट' अशी नावं देऊन मोकळे होतो. जनरेटरवाल्या मुलाला काही आहे की नाही, हे शोधायला मी निघालेली नाही. तो माझा अधिकारच नाही. माझा मुद्दा असा की, एखाद्याला चांगलं वागवायला आधी सर्टिफिकेट कशाला बघायचं?

आता मूळ मुद्दा. या मुलांनी गप्पा मारायच्या कुठे?

माझ्या भावाला रेल्वेचं वेड आहे. तपोवन, देवगिरी, नंदीग्राम, मराठवाडा... कोणती गाडी कुठे थांबते, कुठे क्रॉसिंगला पडते, सगळं तोंडपाठ. घरात सगळे "कामून रे?" म्हणतात, हा एकटा "का बरे?" म्हणतो. पुस्तकासारखं बोलतो म्हणून गल्लीतली पोरं त्याला 'मास्तर' म्हणतात. लहान होता तोवर मावशी त्याला अंगणात घेऊन बसायची, दोन पोरं यायची, निदान लपाछपी तरी खेळायची. पण पंधराव्या वर्षी मुलांचं बोलणं बदलतं. कट्टा येतो, बाईक येते, टिंगल येते. तिथे याला कोणी बोलावत नाही. गणपतीच्या मंडळात ढोल सुरू झाला की तो कानावर हात ठेवून घरी पळतो. मग उरतं काय? स्टेशन, आणि मोबाईल.

लहान मुलांसाठी थोडंफार तरी आहे. छत्रपती संभाजीनगरला अंबिका टाकळकर यांचं 'आरंभ' हे ऑटिझम केंद्र आहे, त्या स्वतः अशा मुलाच्या आई आहेत. पण परतूरहून संभाजीनगर म्हणजे १०० किलोमीटरच्या आसपास. रोज कोण नेणार? दिल्लीत 'ॲक्शन फॉर ऑटिझम' १९९१ पासून काम करते, ती तर आणखी लांब. आणि थेरपी सेंटर कितीही चांगलं असलं तरी ते काही कट्टा नव्हे. तिथे ताई शिकवतात. मित्र भेटतीलच असं नाही. सतरा वर्षांच्या मुलाला मित्र हवा असतो, शिक्षक नव्हे.

म्हणूनच मोबाईलमधली मैत्री या मुलांना जवळची वाटते. विचार करा. लिहून बोलताना डोळ्यांत बघावं लागत नाही. समोरचा काय म्हणाला ते तीनदा वाचता येतं. उत्तराला पाच मिनिटं लागली तरी चालतात. आवाज नाही, धक्काबुक्की नाही. कंटाळा आला की बंद करता येतं, "मधूनच उठून गेला" असं कोणी म्हणत नाही. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, परतूरमध्ये याच्याइतकं रेल्वेचं वेड असलेला दुसरा मुलगा नसेल, पण भुसावळला असेल, मिरजेला असेल. त्याला तो तिथे सापडतो. आपल्यासाठी मोबाईल म्हणजे टाइमपास. त्याच्यासाठी ते गावाबाहेर जाणारं एकमेव फाटक आहे.

पण फाटकातून आत कोण येईल, हे कोण बघणार?

दोन वर्षांपूर्वी तो एका मोठ्या ग्रुपमध्ये गेला. हजारो माणसं, सगळी रेल्वेची शौकीन. पहिले पंधरा दिवस स्वारी खुशीत! मग तिथल्या एकानं त्याला गोड बोलून व्हॉइस मेसेज पाठवायला लावले. "तू छान बोलतोस, अजून बोल." त्या आवाजाची थट्टा करून क्लिप फिरवली गेली. त्याला थट्टा कळलीच नाही, तो आणखी पाठवत राहिला. दुसऱ्यानं "तुला इंजिनाच्या केबिनचे फोटो देतो" म्हणून त्याच्याकडून अठराशे रुपये घेतले. मावशीच्या मोबाईलवरून गेले. फोटो आले नाहीत. भाऊ तीन आठवडे रोज सकाळी त्या माणसाला विनम्रपणे विचारत होता, "फोटो कधी येतील?" त्याला खोटं बोलता येत नाही, म्हणून दुसरा खोटं बोलतोय हे त्याच्या डोक्यात येत नाही.

घरात कळलं आणि काकांनी मोबाईल काढून घेतला. त्यांचं चुकलं असं म्हणणार नाही, बाप आहेत, घाबरले. पण पुढच्या दोन महिन्यांत तो मुलगा जवळजवळ बोलायचा थांबला. स्टेशनवरही जाईना. फसवणूक कोणी केली आणि शिक्षा कोणाला झाली?

इथे मला आजोळची विहीर आठवते. आपल्याकडे पोरांना पोहायला कसं शिकवतात? बुडेल म्हणून विहिरीला कुंपण घालत नाहीत. आणि "जा, शिक" म्हणून ढकलूनही देत नाहीत (काही मामा देतात, ते सोडा!). पाठीला डबा बांधतात. काठावर पोहता येणारं कोणीतरी बसतं. पोर हातपाय मारतं, डबा तरंगवतो, आणि एक दिवस डबा सुटतो. ऑनलाइन जगात आपण या मुलांना एक तर कुंपणाबाहेर ठेवतो, नाही तर डबा न बांधता ढकलतो. मधला रस्ता कोणी करतच नाही.

करता येतो. कॅनडात स्टुअर्ट डंकन नावाच्या माणसानं २०१३ मध्ये ते करून दाखवलं. तो स्वतः स्पेक्ट्रमवरचा आणि ऑटिझम असलेल्या मुलाचा बाप. माइनक्राफ्ट या खेळाच्या सार्वजनिक सर्व्हरवर अशा मुलांना फार छळलं जातं हे त्यानं पाहिलं आणि त्यांच्यासाठी वेगळा सर्व्हर उघडला, नाव ऑटक्राफ्ट. आत यायला आधी अर्ज करावा लागतो. नियम साधे, स्पष्ट लिहिलेले. दादागिरी खपवून घेतली जात नाही. मोठी माणसं हजर असतात, पण मास्तरकी करायला नाही, खेळायला. डबाच की हा पाठीवरचा!

आमच्या घरी यातलं काहीच माहीत नव्हतं. योगायोगानं मावशीला दुसऱ्या एका आईकडून अकरा मुलांचा एक छोटा ग्रुप कळला. सगळी रेल्वेवेडी, सगळी थोड्याफार फरकानं याच्यासारखी. एका मुलाची मोठी बहीण लक्ष ठेवते. तिथे पहिला नियम असा की, जे म्हणायचं ते सरळ म्हणायचं. गंमत केली तर शेवटी 'ही गंमत आहे' असं लिहायचं. तुम्हाला हसू आलं ना? मलाही आलं होतं. पण विचार केला, आपल्या हॉस्टेलच्या ग्रुपवर हा एक नियम असता तर किती भांडणं वाचली असती! आज भाऊ तिथे रोज अर्धा तास असतो. मागच्या महिन्यात त्यानं स्वतःहून दुसऱ्या मुलाला समजावलं, "अनोळखी माणसाला पैसे पाठवू नकोस. मी पाठवले होते."

आता आक्षेप. मी हा विषय आमच्या एका सरांजवळ काढला तेव्हा ते म्हणाले, "अगं, पण त्यांना वेगळं ठेवून काय होणार? खऱ्या जगाची सवय लागली पाहिजे ना?" सरांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. मलाही आधी तसंच वाटायचं. पण दोन गोष्टी सांगते.

पहिली म्हणजे, आपण सगळेच आपापल्या माणसांत 'वेगळे' राहतो. भोकरदनची मुलं मेसमध्ये एका टेबलावर, नांदेडची दुसऱ्या. त्याला कोणी जगापासून पळणं म्हणत नाही. आपल्या माणसांत पाय घट्ट झाला की परक्यांत उभं राहता येतं.

दुसरी गोष्ट जरा शास्त्राची. आपण लहानपणी कानगोष्टी खेळायचो, आठवतंय? एडिंबरो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये तोच खेळ प्रयोग म्हणून केला. आठ-आठ माणसांच्या साखळ्या. काही सगळ्या ऑटिस्टिक, काही सगळ्या आपल्यासारख्या, काही मिसळलेल्या. ऑटिस्टिक साखळीनं गोष्ट शेवटपर्यंत आपल्याइतकीच नीट पोचवली. गळती जास्त झाली ती मिसळलेल्या साखळीत. पुढे २०२५ मध्ये याच गटानं जास्त माणसांवर प्रयोग केला, तेव्हा तर तिन्हींत फरकच दिसला नाही. म्हणजे दोन्ही वेळा एक गोष्ट पक्की निघाली, ती ही की या लोकांना संवाद करता येत नाही हे खोटं आहे. डेमियन मिल्टन या ब्रिटिश ऑटिस्टिक संशोधकानं २०१२ मध्येच मांडलं होतं की न समजण्याचा प्रश्न दोन्ही बाजूंचा असतो. त्यांना आपण कळत नाही, तसे आपल्यालाही ते कळत नाहीत. मग बदलायचं फक्त त्यांनीच का?

आणखी एक आक्षेप उलट बाजूचा आहे, आणि तो माझ्या भावाचाच. तो म्हणाला, "सुरक्षित म्हणजे आई माझे सगळे मेसेज वाचणार का?" बघा! सुरक्षेच्या नावाखाली आपण पाळत ठेवतो. सतरा वर्षांच्या मुलालाही थोडा खाजगी कोपरा लागतो. आपल्या देशात २०२३ मध्ये डिजिटल माहिती संरक्षणाचा कायदा झाला. त्यात १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती घेण्याआधी पालकांची संमती लागेल आणि मुलांच्या हालचालींचा माग काढून जाहिराती दाखवता येणार नाहीत, असं म्हटलं आहे. पण कायदा कंपनीला आवर घालेल, घरातल्या आणि हॉस्टेलमधल्या माणसाला कोण आवरणार? काठावर बसायचं म्हणजे पोराचा हात धरून ठेवायचा नाही. बुडायला लागलं तर उडी मारायची, एवढंच.

कायद्याचं म्हणाल तर आपण हळूहळू पुढे आलोय. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याच्या यादीत ऑटिझम नव्हताच. १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यात तो आला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारांत त्याची नोंद झाली, आणि सरकारी व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्यांसाठी किमान ५ टक्के जागा ठेवणं बंधनकारक झालं. छान आहे. पण ॲडमिशन मिळाल्यावर रात्री साडेअकराला ग्रुपवर त्याचं काय होतं, हे कोणत्या यादीत लिहिलंय? महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे. यूजीसीनं २०२५ मध्ये स्पष्ट सांगितलं की ज्युनिअर्सना छळणारे व्हॉट्सॲप ग्रुपसुद्धा रॅगिंगच. म्हणजे ते स्टिकर... हो, तेच ते!

मग करायचं काय? आपण लोखंडाच्या गावात शिकतो. रोलिंग मिलमध्ये इंडस्ट्रियल व्हिजिटला गेलो होतो तेव्हा आधी हेल्मेट दिलं, मग गेट उघडलं. अपघात झाल्यावर हेल्मेट वाटत नाहीत. इलेक्ट्रिकलवाल्यांना विचारा, अर्थिंग शेवटी 'जमलं तर' करतात का? सुरक्षितता ही डिझाइनमध्येच असते. म्हणून माझा साधा प्रस्ताव आहे. आपल्या कॉलेजनं एक छोटा ऑनलाइन कट्टा सुरू करावा. आपल्या आणि आसपासच्या कॉलेजमधल्या अशा मुलामुलींसाठी, वीस-पंचवीस जणांचाच. प्रोग्रामिंग आपल्याला येतं, सर्व्हर लॅबमध्ये आहे, फायनल इयरला प्रोजेक्टचे विषय कमी पडतात अशी ओरड आहेच!

नियम पाचच. एक, आत येणाऱ्याची ओळख आधी पटवायची. दोन, बोलणं लिहून, आवाज किंवा चेहरा दाखवायची सक्ती नाही. तीन, स्क्रीनशॉट बाहेर गेला की पाठवणारा बाहेर. चार, पैसे, पत्ता, फोटो कोणी मागितला तर लगेच सांगायचं एक ठरलेलं माणूस, आणि पैसे गेलेच तर १९३० या हेल्पलाइनला त्याच दिवशी फोन. पाच, आणि हा माझ्या भावानं घातलेला, नियम ठरवताना आम्हाला विचारायचं. लक्ष ठेवायला दोन शिक्षक आणि दोन सीनिअर असावेत, पण त्यांना आधी प्रशिक्षण हवं. उत्साहाच्या भरात 'समाजसेवा' करायला आलेल्यांचा (म्हणजे माझ्यासारख्यांचा) फार भरवसा धरू नका.

आणि ज्यांना यातलं काहीच करायचं नाही त्यांनी एवढंच करावं. पुढचं स्टिकर आलं की फॉरवर्ड करण्याआधी दहा सेकंद थांबावं.

मी त्या फर्स्ट इयरच्या मुलाला भेटले. कँटीनमागे उभं राहून सॉरी म्हणाले. माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "ठीक आहे." मग बराच वेळ कोणीच बोललं नाही. शेवटी मी विचारलं, "कालपण लाईट गेली होती ना? जनरेटर किती सेकंदांत आला?" त्यानं माझ्याकडे संशयानं पाहिलं. मी त्याला म्हटलं, "खरंच विचारतेय. गंमत नाही." मग तो वीस मिनिटं बोलला. अर्धं मला कळलं नाही, मी कॉम्प्युटरची. पण आमचा जनरेटर लोड घ्यायला उशीर का करतो, हे आता हॉस्टेलमध्ये मला एकटीला माहीत आहे!

हा लेख भावाला पाठवला होता. त्यानं सगळा वाचला आणि एकच चूक काढली. संभाजीनगरहून जालन्याला येताना मी आधी बदनापूर आणि मग करमाड लिहिलं होतं. "आधी करमाड येते, ताई." ते वाक्यच मी काढून टाकलं. पुढच्या वेळी लिहिण्याआधी त्याला विचारीन.